रबरी होज कापायचा हातातला कटर: गाडीचे हीटर होज घरी बदलले, त्याचा अनुभव

गाडीच्या हीटरचे दोन्ही होज, म्हणजे इंजिनातलं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) हीटरपर्यंत नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या रबरी नळ्या, घरीच बदलून झाले, त्यानंतर बरेच दिवस गाडी चालवूनही झाली आणि खाली कुठे थेंब नाही, म्हणून आता लिहायला बसले. शोधाशोध करताना लक्षात आलं की होज बसवण्याबद्दल लोक भरभरून सांगतात, क्लिप कुठली, आवळायची किती, हवा कशी काढायची, पण तो कापायचा कसा याबद्दल फक्त 'योग्य लांबीचा कापून घ्या' एवढंच. माझं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. होज एकदा आखूड कापला की संपलं, तो काही ओढून लांब होत नाही, आणि तिरका कापला तर गळणार का नाही हे गाडी तापल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात जानेवारीत झाली. सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकने थंड इंजिनावर हीटरचा होज क्लिपपाशी चिमटीत धरून दाबून दाखवला. बाहेरून काळाभोर, एकदम नवा वाटावा असा, पण टोकाजवळ मऊ लागत होता आणि मध्ये घट्ट. 'ताई, हा आतून गेलाय. बाहेर चीर दिसेपर्यंत थांबलात तर रस्त्यात थांबाल.' नंतर वाचलं तर ते खरंच होतं. कूलंट, रबर आणि होज ज्या तोंडावर चढवलेला असतो त्या जोडाचा धातू यांच्यात अगदी क्षीण विद्युत क्रिया चालू असते, तिच्यामुळे होजला आतल्या बाजूने बारीक उभ्या चिरा पडतात, त्यातून कूलंट मधल्या धाग्यांच्या जाळीपर्यंत पोचतं, आणि मग होज दगा देतो तो बहुतेक टोकापासून ५ सेंमीच्या आतच. म्हणजे तपासायचं टोकांना. मध्ये दाबून 'चांगला आहे की' म्हणण्यात अर्थ नाही.

साच्यात वळण देऊन बनवलेला मूळ होज मागवायचा तर 'कळवतो' या उत्तरावर काही आठवडे गेले. माझ्या गाडीत होजची वळणं सौम्य आहेत त्यामुळे मीटरवर मिळणारा सरळ होज चालेल असं मेकॅनिकनेच सुचवलं, फक्त त्याच्याकडे लगेच वेळ नव्हता. (जिथे काटकोनात वळण आहे तिथे सरळ होज लावायच्या भानगडीत पडू नका, तो वळणावर दुमडतो आणि आतून रस्ताच बंद होतो, तिथे थांबून का होईना पण वळणाचाच घ्या.) मग म्हटलं आपणच करू. होज घेताना त्याच्यावर काय छापलंय ते वाचा. कूलंटच्या होजवर सहसा एसएई जे२० असं काहीतरी (वाहनांच्या भागांसाठीच्या मानकाचा नंबर) असतं, रबर बहुधा ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर, आणि दोन थरांच्या मध्ये धाग्याची जाळी. ही जाळी लक्षात ठेवा, कापताना खरा त्रास तिचाच.

घरात कात्री, कागद कापायचा सरकत्या पात्याचा कटर आणि हॅक्सॉ एवढं होतं. कात्रीने होज आधी चपटा होतो, मग दोन्ही पाती दोन बाजूंनी आत येतात आणि मध्ये भेटतातच असं नाही, त्यामुळे काठावर पायरी राहते. सरकत्या पात्याने रबर छान कापलं जातं पण जाळीपाशी पातं अडतं, आपण जोर लावतो, आणि नेमक्या त्याच वेळी ते सुटून हातावर येण्याची भीती असते. हॅक्सॉ चालतो, अगदी कुठेही मिळतो, पण रबराचा बारीक भुगा पडतो आणि धागे पिंजून बाहेर येतात. तो भुगा होजच्या आत राहिला तर कूलंटबरोबर फिरत हीटरच्या अरुंद नळ्यांत जाऊन बसणार. हॅक्सॉनेच करायचं असेल तर बारीक दातांचं पातं लावा आणि कापल्यावर होज पाण्याने आतून धुवून काढा. मला ते नको होतं, शिवाय घरात कॉम्प्रेसरच्या नळ्या वगैरे बाकीचीही कामं साठली होती, म्हणून होज कापायचाच कटर घ्यायचं ठरवलं.

इथे एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि कुठेच ठळक लिहिलेली नसते. होज विकला जातो आतल्या व्यासावर. कटरवर लिहिलेलं असतं ते बाहेरच्या व्यासाचं माप. माझे होज १६ मिमी आणि १९ मिमीचे. कटर '२५ मिमीपर्यंत' असेल तर कोणालाही वाटेल भरपूर झालं, पण होजची जाडी दोन्ही बाजूंनी धरायची असते, सुमारे ४ मिमी जाडी म्हटली की १९ चा होज बाहेरून २७ होतो आणि त्या कटरच्या जबड्यात जातच नाही. दाबून घातला तर जातो, पण तेव्हा तो आधीच चपटा झालेला असतो, मग काप सरळ येणार कुठून. व्हर्नियर (जबड्यात धरून व्यास मोजायची पट्टी) नसेल तर होजभोवती दोरा किंवा कागदाची पट्टी गुंडाळायची, जिथे टोक जुळतं तिथे खूण करायची आणि ती लांबी ३.१४ ने भागायची. माझ्या मोठ्या होजचा घेर ८५ मिमी भरला, म्हणजे २७. मी ३६ मिमीपर्यंतचा कटर मागवला.

आणि गंमत म्हणजे हवेच्या प्लास्टिक नळ्यांचं उलटं असतं, त्या बाहेरच्या व्यासाने ओळखतात. ८ मिमीची पीयू (पॉलियुरेथेन प्लास्टिकची) नळी म्हणजे बाहेरून ८, आतून ५ वगैरे. एकाच दुकानात एकाच फळीवर दोन वेगळे हिशेब. कोणी ठरवलं देव जाणे, पण दोन्ही लिहून घेतल्याशिवाय ऑर्डर करू नका.

प्रकार पाहायला गेलं तर ढीगभर. मला समजलं ते असं: एक म्हणजे पीव्हीसी पाइपसाठी असतो तो रॅचेटवाला, मूठ पुन्हा पुन्हा दाबायची आणि पातं खटक्या खटक्याने पुढे सरकतं. त्यात कमी ताकद लागते, पण पातं जाड असतं, कडक पाइपाला ते चालतं, मऊ रबराला मात्र जाड पातं कापण्याआधी ढकलतं. दुसरा साधा पकडीसारखा, एका बाजूला पातळ सरळ पातं आणि समोर होज टेकवायला खाच किंवा सपाट बैठक, मध्ये स्प्रिंग, मुठीला बंद करायचा खटका. रबरासाठी हा दुसरा बरा. बैठक इंग्रजी व्ही आकाराची असेल तर आणखी बरं कारण गोल वस्तू आपोआप मधोमध बसते, सपाट बैठकीवर ती घरंगळते. पातं बदलता येतं ना, आणि सुटं पातं वेगळं मिळतं ना, एवढं नक्की बघा. काहींचं पातं रिव्हेटने कायमचं ठोकलेलं असतं, धार गेली की अख्खा कटर फेका.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पार्सल आलं. उघडून पात्याची धार दिव्याखाली तिरकी धरून पाहिली. चांगली धार स्वतः दिसत नाही, ती जिथे चमकते तिथे काहीतरी बिघडलेलं असतं, आणि माझ्या पात्याच्या मध्यावर एक चमकता ठिपका होता. वर्तमानपत्राचा कागद हळूच ओढून पाहिला, बरोबर त्याच जागी तो फाटला. (बोटाने धार तपासू नका, कागद असतो की.) मग बदलून घ्यायचा सोपस्कार सुरू झाला, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथे बरेच लोक कंटाळून सोडून देतात.

फॉर्ममध्ये आधी मी 'वॉरंटी' हा पर्याय निवडला तर उत्तर आलं की वॉरंटी मूठ आणि स्प्रिंगला आहे, पातं हा झिजणारा भाग असल्यामुळे त्यात येत नाही. नियम वाचला तर तसं खरंच लिहिलेलं होतं, अगदी शेवटी, बारीक अक्षरात. पण मुद्दा झिजण्याचा नव्हताच, वस्तू आली तीच खराब. त्यासाठी वेगळा पर्याय होता, 'मिळताना सदोष', आणि त्याला मुदत वॉरंटीपेक्षा खूपच कमी. त्यात बिलाची प्रत, खोक्यावरच्या लेबलचा फोटो, पूर्ण कटरचा फोटो आणि दोषाचा जवळून फोटो मागितला. सिरियल नंबरचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना, आणि कटरवर सिरियल नंबर नावाची गोष्टच नाही! शेवटी खोक्यावरचा बॅच नंबर टाकला तो चालला. दोषाचा फोटो पहिल्यांदा 'अस्पष्ट' म्हणून परत आला, मग पात्यामागे पांढरा कागद धरला आणि बाजूने टॉर्च मारला तेव्हा ती खाच स्पष्ट आली. त्यांनी फक्त पातं पाठवलं, पूर्ण कटर नाही, पण मला तेवढंच हवं होतं. सगळं मिळून दोनेक आठवडे गेले. पार्सल उघडल्याउघडल्या धार तपासा आणि तपासून होईपर्यंत खोकं फेकू नका, कारण नंबर त्याच्यावरच असतो.

पातं बदलताना सांगायची गोष्ट एकच: मुठींमधल्या स्प्रिंगमध्ये ताण असतो आणि स्क्रू निघाला की ती कुठे उडेल याचा नेम नाही, म्हणून आधी बंद करायचा खटका लावा, मग स्क्रू काढा. जुनं पातं टेपमध्ये गुंडाळून डब्यात.

मध्यंतरी थांबायचंच होतं तर नव्या होजच्या जादा लांबीवर सराव करायचं ठरवलं. हा सल्ला मी सगळ्यांना देईन, होज गरजेपेक्षा हातभर जास्त घ्या, तो वाया जात नाही, त्याच्यावरच हात बसतो. आणि इथेच मला पूर्ण प्रकरण उमगलं. मला वाटायचं सरळ काप येतो तो जोराने, एका दमात मूठ आवळली की झालं. तसं नाहीये. रबर पात्याच्या पुढे दबतं, बाजूला सरकतं, आणि दबलेलं असताना जी रेघ सरळ असते ती मोकळं झाल्यावर सरळ राहत नाही. त्यामुळे काप सरळ येतो तो होजला आधार किती नीट आहे यावर. दोन्ही बाजूंचा होज एका रेषेत, लोंबकळत नाही, पिळलेला नाही, आणि पातं होजला बरोबर काटकोनात. गुंडाळीतून नुकताच काढलेला होज हट्टाने वाकडाच राहतो, त्याला थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून सरळ करून घ्यायचा. थंडीत तर हे करायलाच हवं, कडक रबर फार वाकडं कापलं जातं.

पात्याला पाणी लावायचं, थेंबभर भांडी धुण्याचा साबण घातलेलं. यावर माझा आधी विश्वास नव्हता पण फरक इतका आहे की आता कोरडं कापवत नाही. कोरड्यात पातं रबराला चिकटत चिकटत जातं, ओल्यात सरकत जातं. तेल किंवा ग्रीस मात्र लावायचं नाही, ईपीडीएम रबर खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉन स्प्रे चालतो, पण साबणाचं पाणी घरात असतंच.

खुणेसाठी कागदी टेप होजभोवती अशी गुंडाळायची की तिचा काठ फिरून स्वतःवरच येऊन जुळेल. काठ जुळला म्हणजे ती रेघ काटकोनात आहे. पेनाने नुसता एक ठिपका करून अंदाजाने कापलं तर बऱ्याच लोकांचा हात एकाच बाजूला झुकतो, उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा बहुधा ठरलेल्या बाजूला, ते सरावाच्या दोनचार तुकड्यांतच कळतं. अजून भक्कम मार्गदर्शक हवा असेल तर होजवर क्लिप चढवून तिच्या कडेने पातं टेकवायचं, मात्र पातं क्लिपच्या लोखंडावर चढलं तर धार गेलीच, त्यामुळे मी टेपवरच राहिले.

मग मूठ हळूहळू. पातं अर्ध्यात गेलं की मला कटर किंचित सैल करून होज थोडा फिरवून घ्यायला आवडतं, म्हणजे वरच्या बाजूचा आणि खालच्या बाजूचा काप एका रेषेत आहे का ते दिसतं. जाळीपाशी टणक लागेल, तिथे झटका द्यायचा नाही, दाब तसाच धरून ठेवायचा, धागे आपोआप सुटतात. होज धरलेला हात पात्यापासून किमान वीतभर लांब. पातं शेवटी एकदम सुटतं आणि आपण तोपर्यंत जोरात असतो, म्हणून त्या रेषेत बोट, मांडी, दुसरं कोणी काहीही नको. मांडीवर ठेवून कापताना लोकांना पाहिलंय, बघवत नाही.

काप तपासायचा तो तुकडा सपाट फरशीवर उभा करून, शेजारी सुताराचा गुन्या लावून. एवढी बारकाई कशाला असं वाटेल. साधा हिशेब आहे: २७ मिमीच्या होजवर काप १० अंशांनी तिरका गेला तर होजची एक बाजू दुसरीपेक्षा जवळपास ५ मिमी आखूड होते. जोडाच्या टोकाशी गोल उंचवटा असतो, होज त्याच्या पलीकडे जातो, क्लिप बसते ती त्या उंचवट्याच्या मागे आणि होजच्या काठापासून थोडीशी आत. तेवढ्याशा जागेत एका बाजूने ५ मिमी गेले की क्लिपचा एक भाग होजच्या काठावरच येतो, आवळताना ती घसरते, आणि मग गळती. एक अंश दोन अंश इकडेतिकडे झाले तर काही होत नाही, उगाच घाबरू नका.

फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी सकाळी प्रत्यक्ष काम काढलं. सकाळी अशासाठी की गाडी रात्रभर उभी, इंजिन पूर्ण थंड. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं तरी पुन्हा लिहिते, आत दाब असतो, त्या दाबामुळे कूलंट १०० अंशांच्या वरही उकळत नाही, झाकण उघडलं की दाब जातो आणि ते एकदम उसळतं.

कूलंट खाली रुंद तसराळ्यात काढून घेतलं. ते चवीला गोड आणि विषारी असतं, इथिलीन ग्लायकॉल, त्यामुळे कुत्रं मांजर मूल कोणी जवळ नको आणि सांडलेलं लगेच धुवायचं. गटारात ओतायचं नाही. मी आधी गॅरेजला विचारून ठेवलं होतं, त्यांनी सांगितलं बंद झाकणाचा डबा आणा, वर काय आहे ते लिहा, आणि त्यात इंजिन ऑइल मिसळू नका, मिसळलेलं घेत नाही. हे आधी विचारा, नाहीतर काम झाल्यावर डबा घेऊन दारोदार फिरावं लागतं.

जुना होज काढण्याआधी तो जसा बसलाय तसा फोटो काढला आणि त्याच्या बाजूने दोरा वळणावळणाने नेऊन लांबी मोजली. सुटा करून जमिनीवर मोजला तर माप वेगळं येतं. काढताना तो जोडाला चिकटून बसलेला असतो, तिथे ओढायचा नाही, हीटरचे जोड पातळ धातूचे किंवा प्लास्टिकचे असतात आणि ते मोडले तर होजचं काम बाजूला राहून डॅशबोर्ड उघडायची वेळ येते. आधी पीळ द्यायचा, नाहीच हलला तर सरकत्या पात्याने होजला उभी चीर द्यायची आणि साल काढल्यासारखा सोलून काढायचा, पातं जोडाच्या धातूला न लागेल इतपतच खोल. माझा एक होज पिळून निघाला, दुसरा चिरावा लागला. आतून पाहिला तर मेकॅनिकने सांगितल्या तशा बारीक उभ्या चिरा, टोकापाशी, मध्ये काहीच नाही. बरं वाटलं, उगाच बदलत नाहीये याची खात्री झाली.

नवा होज मोजलेल्या लांबीपेक्षा दोन बोटं जास्तच कापला. एक टोक बसवलं, होज त्याच्या मार्गाने नेला, दुसरं टोक जोडाशेजारी धरलं आणि मग तिथे शेवटची खूण. इंजिन चालू असताना हलतं त्यामुळे होज ताणलेला नको, थोडी ढिलाई हवी, पण इतकीही नको की तो एक्झॉस्टला किंवा इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याला टेकेल. ही शेवटची छाटणी करताना एक लक्षात आलं: अगदी पातळ चकती कापता येत नाही. ३-४ मिमीचाच तुकडा काढायचा असेल तर बाहेरच्या बाजूला आधारच उरत नाही, रबर मागे वळतं आणि पातं बाहेर घसरतं. म्हणून छाटायला निदान बोटभर तरी उरेल असाच पहिला काप घ्या. गाडीच्या आत जागेवरच कापायचा विचार असेल तर कटरच्या मुठी पूर्ण उघडतील एवढी जागा आहे का ते बघा, माझ्याकडे नव्हती, होज बाहेर ओढून घ्यावा लागला.

क्लिपा नवीन घेतल्या, होज बसवताना आतून साबणाच्याच पाण्याचा हात फिरवला, उंचवट्याच्या पलीकडे गेल्याचं हाताला कळतं. स्क्रूची क्लिप आवळताना रबर क्लिपच्या खाचांतून वर यायला लागलं की जास्त झालं. कूलंट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रकारचंच, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी, हीटर पूर्ण गरमवर ठेवून भरलं म्हणजे नव्या होजमधूनही ते फिरतं आणि हवा निघते. हवा काढायची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी, मॅन्युअल बघा.

इंजिन चालू करून मी टॉर्च घेऊन जोडांकडे बघत उभी होते, रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत, आणि खरं सांगते पोटात गोळा होता. काही झालं नाही. जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून दिला होता तो कोरडाच राहिला. ही युक्ती चांगली आहे, डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर लगेच दिसतो. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर क्लिपा पाहिल्या तर एक पाव फेरा घेतला गेला. रबर तापून गार झालं की थोडं बसतं, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत एकदा हे बघायचंच.

एवढं झाल्यावर हात शिवशिवायला लागले आणि बाकीची कामं काढली. कॉम्प्रेसरच्या पीयू नळ्यांच्या बाबतीत तर सरळ कापाला आणखी महत्त्व आहे, कारण दाबून बसवायच्या जोडात नळी तळाशी पूर्ण टेकावी लागते आणि आतली रबरी रिंग नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर हवा अडवते. कात्रीने कापलेली नळी चपटी आणि तिरकी, मग फुस्स आवाज. आधी हवा पूर्ण सोडून द्या, नळीचं टोक कोरडं आणि चरे नसलेलं हवं, बसवल्यावर एकदा ओढून बघा. साबणाचं पाणी इथे पात्याला लावायचं नाही, गरजच पडत नाही.

शेजारचे काका पेट्रोलचा होज घेऊन आले, 'तुझ्याकडे कटर आहे ना, एवढा कापून दे.' पाहिलं तर त्यांनी आणलेला होज हीटरचाच होता. पेट्रोलमध्ये ईपीडीएम फुगून खराब होतं, त्याला इंधनाचाच होज लागतो, त्याच्यावर एसएई ३०आर७ किंवा ३०आर९ असं छापलेलं असतं, आणि इंजेक्शनच्या गाडीत दाब जास्त असल्यामुळे तिथला होज आणि क्लिपही वेगळी. मी कापून दिला नाही. काका जरा नाराज झाले, पण मेकॅनिककडे गेले आणि त्यानेही तेच सांगितलं.

तार असलेले होज या कटरने कापायचे नाहीत, म्हणजे हायड्रॉलिकचे, प्रेशर वॉशरचे बरेचसे, पाणी ओढायचे स्प्रिंगवाले. एका कापात धारेला खाच पडते. होजच्या टोकाकडे बघा, तारा दिसतात, नाहीतर चुंबक लावून बघा, पण चुंबक चिकटला नाही म्हणजे तार नाहीच असं समजू नका, स्टेनलेसची असू शकते. गॅसच्या शेगडीचा होज कापून आखूड करणं हा तर विषयच नाही, तो पूर्णच बदलायचा.

आता बरेच जण विचारतात की एका कामासाठी कटर घ्यावा का. खर्चाचं बोलायचं तर माझा कटर दोन्ही होज आणि क्लिपा मिळून जेवढे पडले त्यापेक्षा महाग पडला, फक्त गॅरेजची मजुरी वाचली म्हणून बरोबरी झाली. एकच होज, तोही अर्ध्या इंचाच्या आसपासचा असेल तर नवं सरकतं पातं, साबणाचं पाणी आणि होजच्या आत बरोबर बसेल असा गोल लाकडी दांडका एवढ्यात भागतं, दांडक्यामुळे होज चपटा होत नाही आणि पातं त्याच्याभोवती फिरवता येतं. (हा दांडका कटरबरोबर वापरायचा नाही, पातं त्याच्यावरच आदळेल.) दोनतीन होज असतील, किंवा हवेच्या नळ्यांचं काम अधूनमधून निघत असेल तर घ्या. आणि घेताना सुटं पातं त्याच ऑर्डरमध्ये टाका, नंतर एकटं मागवलं तर पात्यापेक्षा पाठवणावळ जास्त लागते.